पाचवा रकाना

— नाही नाही, माझी काळजी करू नका ताई, मला आजवर एकही वेबसाइट अडवू शकलेली नाही. छातीठोक सांगतो. आता आजवर मी उघडली एकच, आणि तिथंही उत्तर आधीच ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी. पण अडलो नाही हे खरं की नाही? बसतो. या खुर्चीत ना? ही फिरते वाटतं. म्हाताऱ्याला फिरणारी खुर्ची देऊ नये, म्हातारा काम सोडून फिरत बसतो. हां, थांबलो. तर हा मोबाइल तुमचा, हा वर टांगलेला कॅमेरा माझ्या बोटांवर, आणि समोर हा एवढा मोठा आरसा. आरसा कशाला बरं? केस विंचरायला? माझ्या डोक्यावर जे काही उरलंय ते आरशाशिवायही सापडतं. पलीकडे माणसं बसलीत, आपल्याकडे बघतायत — हो ना? तुम्ही काही बोलणार नाही म्हणा. नमस्कार हो पलीकडच्यांनो, चहा झाला का?

वाचा, वाचा, तुमचा कागद वाचा. मी मध्ये बोलत नाही. — आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, आम्ही पानाची परीक्षा घेतोय. बरं. चूक आणि बरोबर असं काही नसतं. बरं बरं. हे वाक्य मला सातवीत कुणी ऐकवलं असतं तर मी सातवी दोनदा केली नसती. आणि काय? — मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. हे मात्र बघा ताई, तुम्ही विचार करून सांगताय ना? कारण याच गोष्टीसाठी मला शाळेतून काढलं, याच गोष्टीसाठी दोन मालकांनी काढलं, आणि घरात अडतीस वर्षं एक बाई मला हात जोडून सांगत होती की मनात येईल ते बोलू नका. आज पहिल्यांदा कुणीतरी विनवणी करून बोलायला लावतंय. आणि तुम्ही मात्र गप्प बसणार. मी काही विचारलं तर उलट मलाच विचारणार — 'तुम्हाला काय वाटतं?' ठाऊक आहे. कसं ठाऊक? असंच, ऐकलं होतं कुठंतरी.

धंदा? फॉर्मवर लिहिलाय की. कारकून. हो, कारकूनच. टपालखात्यात. तिकिटं चिकटवून चिकटवून जीभ अशी वळवळी झाली. बोर्ड रंगवणारा असतो तर? नाही, आपलं बोलायचं म्हणून. समजा, एखादा माणूस चाळीस वर्षं पाट्या रंगवत असेल — दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या, 'डावीकडे वळा', 'येथे रांग लावा' — तर त्याला तुमच्या या पानांतलं बरंच कळेल, एवढंच म्हणतोय. बाण म्हणजे काय ते कळेल. माणूस पाटी वाचत नाही ताई. माणूस बाणाकडे बघतो आणि चालू लागतो. एकदा एका मोठ्या कचेरीत मी 'चौकशी' आणि 'तक्रार' या दोन पाट्या मुद्दाम उलट लावल्या. दोन खिडक्या शेजारी शेजारी. नऊ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही — लोकांच्याही नाही, आतल्या साहेबांच्याही नाही. दोन्हीकडे एकच उत्तर मिळत होतं, उद्या या. दहाव्या दिवशी मीच जाऊन सांगितलं. गंमत केली आणि कुणाला कळलीच नाही, तर ती गंमत कसली? — आता बघा, तुम्ही हसलात. नियमात बसतं का हसणं?

नाही, मिशांचा काही संबंध नाही. मला मिशा नव्हत्याच कधी. तुम्ही सारखं ओठांवर बघताय म्हणून म्हटलं. उन्हाचा रंग तेवढा चढलेला नाही तिथं, जन्मतःच.

चला, काम द्या. — हे खोकं? गोळ्यांचं. वा, रिकामं का असेना, हुबेहूब. 'समजा, हे औषध तुमच्या घरात कुणीतरी घेतं. काही औषधं परत मागवली आहेत असं तुमच्या कानावर आलं आहे. हे औषध घेणं चालू ठेवायचं की नाही, ते या पानावर शोधा.' समजा. तुमचा हा 'समजा' फार मोठा शब्द आहे ताई, तुम्ही लोक तो सहज टाकता. बरं. समजलो.

बोलत बोलत करायचं ना? हा घेतला मोबाइल. ही उघडली वेबसाइट. वर आरोग्य खात्याचं ते गोल चिन्ह, खाली चार ओळी — चार ओळी कुणी वाचणार नाही, मीही वाचत नाही. ही पांढरी चौकट. इथं खोक्यावरचा नंबर टाकायचा. नंबर कुठंय — हा, बुडाशी, दाबून उमटवलेला, शाई नाही काही नाही, बोटानं चाचपावा लागतो. अक्षरं आणि आकडे. टाकतो. एक बोट, एक बोट. हे दाबलं. आलं. तक्ता आला. नाव. कंपनी. नंबर. तारीख. — चार रकाने. संपलं.

काय वाटतं म्हणजे? मला वाटतं, झालं. नाव जुळलं, कंपनी जुळली, नंबर जुळला. सरकारच्या पानावर आपलं औषध अगदी नीट नावगावासकट लिहिलेलं आहे, म्हणजे सरकारला ठाऊक आहे, म्हणजे चांगलं आहे. घेत राहायचं. लिहा — म्हातारा म्हणाला, घेत राहायचं. लिहिलंत? नाही, तुम्ही लिहीत नाही आहात. तुम्ही बघताय माझ्याकडे. ताई, लिहा ना. 'जमलं नाही' असं लिहा. मोठ्या अक्षरात. मला तो तक्ता बोटानं आडवा सरकवता आला नाही, उजवीकडे अजून एक रकाना आहे हे मला कळलंच नाही, आणि तो पाचवा रकानाच —

हं.

आता तुम्ही म्हणाल, कळलं नाही तर पाचवा आहे हे कसं ठाऊक. म्हणणार नाही तुम्ही, नियम आहे, पण मनात म्हणालात. ठीक. पकडलं गेलं की कबूल करावं. मी याआधी येऊन गेलोय. याच खोलीत, दोन वर्षांपूर्वी, तेव्हा तुमच्या जागी चष्मेवाला एक तरुण होता आणि खुर्ची फिरणारी नव्हती. फॉर्म आहे तो माझ्या साडूचा. टपालातला कारकून तो. एका माणसाला दोनदा येता येत नाही म्हणतात, म्हणून त्याचं नाव घेतलं, त्याचा फोन घेतला, आणि मिशा काढल्या. अठराव्या वर्षापासून होत्या. साडू म्हणाला, या वयात ही कसली थेरं. मी म्हटलं, शेवटचं एक सोंग आहे, करू दे.

तेव्हाही हेच पान होतं. हाच तक्ता, हेच चार रकाने, पाचवा बाहेर लपलेला. आणि मी ते एका झटक्यात केलं. पलीकडचे सगळे चाट पडले असतील. नंबर टाकला, तक्ता आला, आणि असं — बघा, असं — बोटानं सर्रकन डावीकडे ओढला, आणि वाचून दाखवलं: 'परत मागवले. वापरू नये.' त्या चष्मेवाल्यानं विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, सोपं. पोरासोरांना जमेल इतकं सोपं. आणि एक ते पाचमधला आकडा सांगा म्हणाला तेव्हा पाच म्हटलं, सहा असता तर सहा म्हटलं असतं. का? अहो, बाहेर बाकावर माझ्याआधीचा एक शिंपी बसला होता, बिचारा घामाघूम होऊन बाहेर आला होता, अर्धा तास आत अडकून. त्याला शेवटी कुणीतरी दाखवलं होतं. तो मला म्हणाला, काका, तो तक्ता आडवा ओढायचा असतो बरं का, दिसत नाही पण असतो. बस. मी ते खिशात टाकलं आणि आत आलो. नक्कल करून पास. सातवीसारखं.

यात एवढं काय? तेच मलाही वाटलं होतं. कुणाच्या बापाचं काय गेलं. जाताना एक स्टीलची बाटली दिली तुम्ही लोकांनी, ती घेऊन मी घरी गेलो ते नाचतच.

तुम्हाला आमच्या मंडळींबद्दल सांगायला हवं. मंडळी म्हणजे बायको. माझी बायको माझ्यापेक्षा शिकलेली. दहावी, तीही पहिल्या खेपेला, आणि गणितात शाळेत दुसरी. मी पाट्या रंगवायचो, पण कुठल्या अक्षराला काना कुठं ते ती कागदावर लिहून द्यायची, मग मी ते भिंतीवर मोठं करायचो. आलेलं पत्र ती वाचणार, सरकारी फॉर्म ती भरणार, बँकेत सही कुठं करायची तिथं तिचं बोट. अडतीस वर्षं मी तिच्या बोटामागून सही केली. वाईट वाटायचं नाही, मी त्यावरही विनोद करायचो. पण त्या दिवशी, ताई, त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा तिच्यापेक्षा हुशार ठरलो होतो. मोठमोठ्या लोकांनी आरशाआडून बघितलं होतं. मी ते पुरवून पुरवून खाल्लं. जेवताना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, तिच्या बहिणीला सांगितलं. तिला म्हटलं, 'हे दहावीवाल्यांचं काम नाही, याला सातवी लागते, आणि तीही दोनदा.' आडवा ओढायचा असतो हे मात्र सांगितलं नाही. जादूगार कधी सांगतो का?

ती हसली होती. पहिल्या खेपेला हसली. नंतर मी महिनाभर तेच लावलं तेव्हा हसायची थांबली.

हे बंद करू का मी? वेळ झाला असेल तुमचा. — करू नको? बरं.

पान लागलं. म्हणजे सगळ्यांसाठी सुरू झालं, बातम्यांत सांगितलं. मी म्हटलं, बघ, माझ्या सहीनं पास झालेलं पान. मग एका दुपारी तिनंच कुठूनतरी ऐकलं की गुडघ्यांच्या गोळ्यांतली एक खेप खराब निघाली, परत मागवलीय. ती गुडघ्यांसाठी गोळ्या घ्यायची, दिवसाला दोन. ती खोकं घेऊन खिडकीशी बसली, मोबाइल मांडीवर. मी पलंगावर होतो. खोली एवढीच, या खोलीएवढीच. मी तिच्याकडे बघत होतो. तिनं मला हाक मारली नाही. मीही उठलो नाही. म्हटलं, बघू तर, विचारते का. एकदा तरी म्हणू दे, अहो, मला जमत नाही, जरा दाखवा. एकदाच. अडतीस वर्षांत एकदा. मी गप्प बसलो ताई, अगदी तुमच्यासारखा. तुम्हाला नियम आहे एवढाच फरक.

बराच वेळ लागला तिला. चष्मा पुसला, नंबर चाचपला, पुन्हा टाकला. मग म्हणाली, 'सापडलं. आपलं औषध यादीत आहे.' मी म्हटलं, सोपं होतं ना? ती म्हणाली, 'सोपंच आहे, त्यात काय एवढं.' आणि पाणी घेऊन गोळी घेतली. माझ्यासमोर.

नाही, मला काय ठाऊक तिनं पाचवा रकाना बघितला की नाही? मी पलंगावर, ती खिडकीशी. तिचा अंगठा वरखाली फिरत होता. वरखाली, वरखाली — आडवा काही फिरला नाही. म्हणजे मला दिसला नाही. फिरलाही असेल. माझ्या डोळ्यावर चष्मा नव्हता — होता, पण वाचायचा होता. म्हटलं, दोन दिवस थांबू. दोन दिवसांनी चारचौघांत विचारू, काय गं, पाचव्या रकान्यात काय होतं? तिचं तोंड बघायचं होतं मला. बस एवढंच. गोळी खराब असेल असं कुणाला वाटणार? लाखात एखादं खोकं खराब, ते आपल्याच घरी कशाला येईल. दोन दिवसांनी मला सर्दी-पडसं झालं, आठवडा त्यात गेला, तीच काढे देत होती, आणि ते विचारायचं राहून गेलं. विसरलो. खरंच विसरलो. गंमत विसरणारा माणूस नाही मी, पण ती विसरलो.

एकोणीस दिवस ती त्याच खोक्यातल्या गोळ्या घेत राहिली.

रंगाऱ्याला रंग कळतो ताई. तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्यात मला आधी दिसलं. पहिल्या दिवशी फिकट साय असते ना, तसं. मी म्हटलं उजेडाचं असेल. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या भिंतीला देतो तो पिवळा. पाचव्या दिवशी असा पिवळा मी कुठल्याच भिंतीला कधी दिला नव्हता. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, तुमच्याच वयाची, तिनं घरातली सगळी औषधं मागवली, ते खोकं बघितलं, स्वतःच्या मोबाइलवर नंबर टाकला आणि न बघता, बोलता बोलता, बोटानं तक्ता ओढला. सर्रकन. 'परत मागवले. वापरू नये.' म्हणाली, आजोबा, हे तर पानावर होतं, तुम्ही बघितलं नाही का? मी म्हटलं, आम्हाला येत नाही हो त्यातलं, आम्ही अडाणी माणसं. तिला खरं वाटलं. माझं सोंग नेहमी वठतं.

मंडळी शुद्धीवर होती तोवर मला काही बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, त्या पानावर काहीतरी चुकलं माझं, तुम्हाला विचारायला हवं होतं. एवढंच. मी म्हटलं, नाही गं, पानच वाईट आहे. — पानच वाईट आहे ताई. आहे ना? मघाशी बघितलंत ना, उजवीकडे अजून काही आहे याची खूण नाही, बाण नाही, अर्धवट कापलेलं अक्षरसुद्धा दिसत नाही. चौथ्या रकान्याची रेघ बरोबर काचेच्या काठाशी संपते, जशी काही भिंतच. अशी पाटी मी लावली असती तर मालकानं माझे हात तोडले असते. जी गोष्ट माणसाच्या जिवाची, ती पहिल्या रकान्यात हवी, लाल रंगात हवी, आणि तुम्ही ती भिंतीपलीकडे टांगलीत. का टांगलीत? कारण एक शहाणा इथं येऊन म्हणाला, सोपं आहे. पाच पैकी पाच. माझ्या शब्दावर ते पान पास झालं. मी 'जमत नाही' म्हटलं असतं, त्या शिंप्यासारखा घाम पुसत बाहेर गेलो असतो, तर कुणीतरी तो रकाना अलीकडे आणला असता. आणि मग तिला आडवं ओढायची गरजच पडली नसती. मग माझ्या गप्प बसण्यानं काही — म्हणजे मग कुणी गप्प बसलं काय आणि बोललं काय.

म्हणून आलोय. रात्रंदिवस हेच डोक्यात. मला बाटली नको, काही नको. तो दोन वर्षांपूर्वीचा माझा कागद काढा, त्यावर रेघ मारा, आणि खाली लिहा — हा माणूस खोटं बोलला, नक्कल करून आला होता, याच्यामुळे हे पान असं राहिलं आणि याच्यामुळे त्याची बायको गेली. माझं खरं नाव घाला, साडूचं नको. मी सही करतो. कुठं करायची तेवढं बोट ठेवून दाखवा. — लेखणी खाली का ठेवलीत? कॅमेरा कशाला बंद केलात? काम संपलं नाही अजून. बोला ना आता, आरशामागचे तरी बोला कुणीतरी. माझ्यामुळे झालं ना ते? त्या 'सोपं'मुळेच ना?

"आजोबा, मागच्या खेपेला आरशामागे मीच होते. तुम्हाला बाहेर कुणीतरी दाखवून ठेवलंय, हे तुम्ही बोट लावलंत तेव्हाच कळलं होतं. तुमचा कागद आम्ही त्याच दिवशी रद्द केला. बाकीचे सातही जण याच पानावर अडले, तसं मी वर लिहून दिलं, आणि तरी पान तसंच लागलं. तुमचं ते 'सोपं' कुणी वाचलंसुद्धा नाही."